खाटेला गार्ड लागत नाही

सामान सकाळीच निघालं. एक वजनकाटा, एक काचेचं कपाट, उंची मोजायची पट्टी, सलाइनचे गंजलेले स्टँड आणि तीन लोखंडी खाटा. ट्रक जेलच्या आतल्या फाटकापाशी उभा होता आणि मी सावलीत उभा राहून "हळू, हळू" म्हणत होतो. मोठ्या बदलांच्या वेळी अधिकाऱ्याने एवढंच करायचं असतं.

बदल मोठाच होता. आजवर जेलमधल्या आजारी माणसांना जेलखातंच सांभाळायचं. म्हणजे ज्याने कोंडायचं, त्यानेच नाडीही बघायची. आता हे काम आरोग्यखात्याकडे, म्हणजे आमच्याकडे येणार होतं. आजारी कैदी हा आधी रुग्ण आणि मग कैदी, असं धोरण ठरलं. धोरण उत्तम होतं. हे मी उपहासाने म्हणत नाही. जेलखातं, आरोग्यखातं आणि भिंती रंगवून देणारी एक सेवाभावी संस्था अशी तिघांची भागीदारी झाली. भागीदारीत एक सोय असते. यश आलं तर ते तिघांचं, आणि घोडं अडलं तर ते नेहमी उरलेल्या दोघांच्या दारात अडलेलं असतं. मी मुळात डॉक्टर; पण बरीच वर्षं फायलींचीच नाडी बघत आल्यामुळे या भागीदारीचा समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली होती.

खाटा तीन होत्या आणि त्यांच्यावर माणसंही तीन होती. त्यांना आमच्या हॉस्पिटलच्या नव्या कैदी वॉर्डात हलवायचं होतं. कैद्याला फाटकाबाहेर काढायचं तर सोबत पोलिसांचा गार्ड लागतो. तो मागवला होता. गाडी आली, गार्डही आला, पण दोन रुग्णांपुरता. बाकीचे पोलीस कुठल्याशा सभेच्या बंदोबस्ताला गेले होते. दोन रुग्ण गेले. तिसरा राहिला.

तिसरा म्हणजे मास्तर. धंद्याने शिंपी, म्हणून मास्तर. कच्चा कैदी, खटला अजून उभा राहायचा होता आणि हा आधीच आडवा पडला होता. छातीत पाणी झालं होतं. आजार तसा आवाक्यातला. सुई घालून पाणी काढायचं, औषधं द्यायची, माणूस उठून बसतो. न काढलं तर कोरड्या जमिनीवर बुडतो. जेलच्या डॉक्टरने जाता जाता "याला तातडीने हलवा" असं बजावलं होतं. जाता जाता, कारण करारानुसार जुना डॉक्टर गेला होता आणि करारानुसारच नवा यायचा होता.

हमालांना ट्रक भरायची घाई होती.

"साहेब, याचं काय करायचं?" एकाने मास्तरच्या खाटेकडे बोट दाखवलं.

मी जेलरसाहेबांकडे पाहिलं. जेलरसाहेब गमत्या माणूस. म्हणाले, "खाट आता तुमची. गार्ड येईपर्यंत माणूस आमचा."

"गार्ड दुपारपर्यंत येईलच," मी म्हणालो.

मग हमालांनी मास्तरला अलगद उतरवून खाली कांबळ्यावर ठेवलं आणि खाट उचलली. खाटेला गार्ड लागत नाही. ती दारातून बाहेर पडेपर्यंत मास्तर मान वळवून बघत होता, स्टेशनवर आपलं माणूस सोडायला आल्यासारखा.

दुपारी गार्ड आला नाही. संध्याकाळी आढावा बैठक होती. पडद्यावर संचालक होते आणि त्यांच्याभोवती चौकटी-चौकटीत आमच्यासारखे अनेक चेहरे. संचालकांनी विचारलं, "रुग्ण सगळे हलवले?"

"हो सर. शंभर टक्के."

तिनांपैकी दोन म्हणजे किती टक्के, हे पूर्णांकात सांगता येत नाही, हे एक कारण. दुसरं असं की माझ्या आधीच्या प्रत्येक चौकटीने शंभर टक्केच सांगितलं होतं. सकाळी एक फोन केला की मास्तर येईल आणि खोटं आपसूक खरं होईल, असा माझा हिशेब होता.

सकाळी फोन हातात घेतला आणि लक्षात आलं की गार्ड मागायचा तर कुणासाठी, ते सांगावं लागेल. सगळे हलवून झाले असताना हा कोण उरला, असं कुणीतरी विचारेल. नव्या वॉर्डाचं उद्घाटन जवळ आलं होतं. उद्घाटन उरकलं की सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे जाईल, मग गुपचूप आणू. मी फोन खाली ठेवला.

वॉर्ड छान झाला होता. फिकट निळ्या भिंती, धुतलेल्या फरशा, खिडक्यांना नवे गज. संस्थेने भिंतीवर उडणारे पक्षी काढले होते, गजांच्या आतल्या बाजूला. तिन्ही खाटांना पांढरा रंग देऊन ओळीने मांडलं होतं. पहिल्या दोन खाटांवर आणलेले दोघे. तिसरी खिडकीखाली, रिकामी.

वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर नोकरीत मुरलेल्या होत्या. नसत्या गोष्टीसाठी साहेबाला बोलावणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"सर, तीन नंबरची चादर ओली होते."

"वरून गळत असेल."

"वर वॉर्ड आहे, टाकी नाही. आणि गळतीचं पाणी गार असतं. ही चादर कोमट लागते."

"कुणीतरी झोपत असेल तिच्यावर."

"कोण? या दोघांना कुशीवर वळायचं तर मी लागते. आणि मी दुपारी घरी जाऊन झोपते, सर."

मी गादी बदलायला सांगितली. नवी गादी आली, कारखान्यातून आलेली, कडक. दुसऱ्या दिवशी तिच्यात खळगा पडला होता. खांद्याचा, कमरेचा आणि गुडघे पोटाशी घेतल्याचा. मी वाकून पाहिला. छातीत पाणी झालेला माणूस दुखऱ्या कुशीवर पडतो, म्हणजे चांगल्या बाजूला श्वास घ्यायला मोकळीक राहते. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. खळगा उजव्या कुशीचा होता. मास्तरचं पाणी उजवीकडे होतं.

"स्पंज हलका आहे," मी म्हणालो. "पुरवठादाराला नोटीस काढा."

मग अक्का आली.

अक्का म्हणजे मास्तरची थोरली बहीण. एका लाँड्रीत इस्त्री करायची. ती नेहमीप्रमाणे जेलवर भेटायला गेली, तर फाटकावर सांगितलं की तुमचा भाऊ हॉस्पिटलात हलवलाय. खोटं कुणीच बोललं नव्हतं. त्यांच्याकडे तसंच कळवलेलं होतं, आणि कळवणारा मी होतो. ती तशीच पिशवी घेऊन हॉस्पिटलात आली. सिस्टरचा फोन आला, "सर, तुम्ही या. मी काय सांगू तिला?"

जिन्याने उतरताना मी वाक्यं जुळवत होतो. "प्रक्रिया सुरू आहे" हे एक. "आपण काळजी करू नये" हे दुसरं. आरडाओरडा होणार, हे धरून चाललो होतो.

वॉर्डात शांतता होती. अक्का तिसऱ्या खाटेशेजारी स्टुलावर बसली होती. पिशवीतला सदरा काढून तिने खाटेच्या उशाशी ठेवला होता. इस्त्रीची घडी अशी की कागद कापावा. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खाटेकडे पाहिलं. खाटेवर चादर होती, खळगा होता, आणि काही नव्हतं.

"तुम्हीच का मोठे साहेब?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "बरं केलंत. तिकडे भेट म्हणजे जाळीच्या अल्याडून पल्याड ओरडायचं. तो 'बरा आहे' म्हणायचा आणि मला 'भूक आहे' ऐकू यायचं. इथे निदान हात तरी लावता येतो." मग सिस्टरकडे वळून, "बाई, चादर तेवढी बदला. भिजलाय पार."

मी तिला सांगायला हवं होतं, तो इथे नाही. दोन श्वासांचं काम. मी म्हणालो, "काही लागलं तर सांगा."

रडत येणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, हमरीतुमरीवर येणारे पाहिले आहेत. रिकाम्या खाटेवर समाधानी असलेला नातेवाईक पहिल्यांदाच पाहत होतो. मला आधी भीती वाटायला हवी होती. आधी हायसं वाटलं.

बाहेर सिस्टरने मला गाठलं. "बाईंना सांगायला हवं, सर."

"धक्का बसेल त्यांना."

"मग भावाला आणा. सांगायची गरजच पडणार नाही."

"आणतोय ना. प्रक्रिया सुरू आहे."

"कुठल्या खाटेवर आहे ती?" सिस्टर म्हणाल्या. "तिचाही ताप बघते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मी जेलरसाहेबांना फोन लावला. "मास्तर कसा आहे?"

"कोण मास्तर? तो तर तुमच्याकडे."

"अहो, आपल्या दोघांत बोलतोय."

"हां, आपल्या दोघांत आहे," ते म्हणाले. "बराकीच्या कोपऱ्यात." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "एक सांगू का? रोज टाळं लावण्याआधी आम्ही माणसं मोजतो. याचं नाव कमी झालंय आणि माणूस जागेवर आहे, म्हणजे मोजणी एकाने जास्त यायला हवी. आधी येत होती. आता बरोबर येते."

"शिपाई चुकत असेल."

"मी स्वतः मोजली." मग आणखी हळू म्हणाले, "त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोजली, साहेब."

अक्का रोज येऊ लागली. भेटीची वेळ झाली की स्टूल ओढायची, केस विंचरायची; म्हणजे कंगवा उशीच्या वर हवेत थांबत थांबत फिरायचा, गुंता लागल्यासारखा. हळूहळू वॉर्ड तिच्या बाजूने गेला. शेजारच्या खाटेवरचा कैदी कुरकुरला, "मास्तरला औषध द्या हो, खोकून खोकून आम्हाला झोपू देत नाही." नवीन लागलेली डॉक्टर पोरगी राउंड घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. "सर, तीन नंबरचं पाणी काढायला हवं. मी सुई घातली, पण लागतच नाही. जागा बरोबर आहे, आवाज बरोबर आहेत, पण सुई जाते आणि... जातच राहते."

"अनुभवाने जमेल," मी म्हणालो.

सिस्टर बरेच दिवस माझ्यासारख्याच होत्या. त्यांनाही रिकामी खाटच दिसायची, निदान मी तसं धरून चाललो होतो. मग एका सकाळी चादर सारखी करताना त्यांनी तिचं टोक कशाखालून तरी ओढून घेतलं, जड झोपलेल्या माणसाखालून ओढतात तसं, आणि पुढच्या कामाला गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला मास्तरबद्दल विचारणं सोडून दिलं.

ज्याला मास्तर दिसत नव्हता असा मी एकटाच उरलो.

घरी बायको म्हणाली, "ऑफिसात कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. का?"

"सारखा हात धुतोस. आणि जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत नाहीस."

"रिकाम्या खुर्चीकडे कशाला बघायचं?"

"तेच म्हणते मी. न बघण्यासाठी एवढे कष्ट कशाला?" तिने ताट उचललं. शाळेत गणित शिकवते ती. उत्तर येईपर्यंत थांबायची तिला सवय आहे, पण त्या दिवशी थांबली नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी जेलवर गेलो. जुन्या दवाखान्याच्या खोलीत आता सतरंज्या ठेवल्या होत्या. बराकीत माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि कोपऱ्याभोवती त्यांनी जागा सोडली होती. जिथे कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं, तिथे तेवढी जागा कुणी उगाच सोडत नाही.

मास्तर कांबळ्यावर उजव्या कुशीला होता. कपड्यांत माणूस भरायचा राहून गेल्यासारखे कपडे पडले होते. कांबळ्याचे पट्टे मला त्याच्या हातातून दिसले, असं मी म्हणणार नाही. मी चष्मा काढून पुसला, एवढंच म्हणेन. तो खोकत नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "अक्का दमते हो. तिला म्हणावं, रोज नको येऊस."

मी चष्मा पुन्हा चढवला.

"आवाज येतो तिचा. कंगवा लागतो. दिसत मात्र नाही ती, इथलीच भिंत दिसते." त्याने दम घेतला, त्या दमाचा आवाज मला आला नाही. "जेवणही तिकडेच लागतं. इथलं चवच देत नाही. सगळं हळूहळू जातंय तिकडे, साहेब. पाणी तेवढं इथे राहिलंय. त्या पोरीची सुई कळते मला, पण पाणी तिथे नाहीच, तर निघणार कुठून?"

जेलरसाहेब दाराशी उभे होते. गमतीचं काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते बाहेर बघत होते.

"मला एकदाच न्या ना," मास्तर म्हणाला. "असं तुकड्या-तुकड्याने नको. एकत्र न्या."

"नेतो."

"आज?"

"उद्या. कार्यक्रम झाला की लगेच. अगदी नक्की."

तो हसला. "आम्ही शिंपी गिऱ्हाइकाला असंच सांगतो, साहेब. अगदी नक्की."

फोन तेव्हाही माझ्या खिशात होता.

उद्घाटन वेळेवर झालं. पाहुणे आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. पाहुणे पहिल्या खाटेपाशी थांबले, दुसऱ्या खाटेपाशी थांबले, आणि फोटोवाल्यांना उजेड खिडकीखाली बरा वाटला म्हणून तिसऱ्या खाटेपाशी जास्त थांबले.

"काय म्हणते तब्येत?" पाहुण्यांनी उशीला विचारलं.

फोटोवाल्यांनी कॅमेरे वर केले.

पाहुणे वाकले, कान जवळ नेला, ऐकलं. "शिंपी? वा! मग आमचा एक कोट तुमच्याकडे लागू." सगळे हसले. त्यांनी चादरीवर हलकेच थोपटलं. हात चादरीपर्यंत पोचला नाही. वीतभर वरच थांबला, आणि तिथेच थोपटत राहिला.

अक्काने डोळे पुसले. संचालक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शंभर टक्के."

मी व्हरांड्यात जाऊन फोन केला. कुणासाठी, किती वाजता, का, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. पलीकडून पेंगुळलेला आवाज म्हणाला, "गार्ड ना? पाठवतो." एवढंच. कुणी काही विचारलं नाही. पहिल्या दिवशीही विचारलं नसतं.

गाडी आली, गार्ड आला. मी स्वतः सोबत गेलो.

कोपऱ्यात कांबळं घडी करून ठेवलं होतं.

त्याच्या शेजारी फरशीवर पाणी होतं. फार नाही. एक कैदी फडक्याने पुसत होता आणि पुसलेल्या जागी ते पुन्हा दिसत होतं.

"कुठून येतंय कळत नाही," जेलरसाहेब म्हणाले. "नळ तर त्या टोकाला आहे."

"तो कुठे आहे?"

"कोण, साहेब?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. या वेळी ते गंमत करत नव्हते.

मी परत आलो तेव्हा वॉर्डात फितीचे तुकडे पडले होते. सिस्टर टेबलापाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. अक्का स्टुलावर होती. कंगवा तिच्या मांडीवर होता.

"खोकला थांबला," ती म्हणाली. "मघापासून श्वासही वाजत नाही. अंग गार लागतंय."

मी मान हलवली.

"साहेब, एक विचारू? सगळे त्याच्याकडे बघून बोलतात. तो पाहुणाही बोलला. तुम्ही तेवढे माझ्याकडे बघता. असं का?"

आता सांगायचं, असं मी ठरवलं. तो कधी आलाच नाही. मी आणला नाही. एका फोनचं काम होतं. मी खाटेच्या कडेवर टेकलो.

"अक्का," मी म्हणालो, "याला मी..."

"साहेब." तिने माझ्या कोपराला हात लावला. आवाजात राग नव्हता. घरी आलेल्या माणसाकडून काही चुकलं की सांगतात, तसं म्हणाली, "त्याच्या पायांवर बसलात."

मला उठता येईना.

चादर सपाट होती. तिच्याखाली, माझ्या मांडीला लागून, काहीतरी थंडगार हललं. आधी एक, मग दुसरा. घाई न करता, कुरकुर न करता, गच्च भरलेल्या बराकीत नव्या माणसाला देतात तशी, पाय पोटाशी घेऊन, मास्तरने मला जागा करून दिली.